‘खेळत’ नाही, घडवते आहे!

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट. तिळगूळ देऊन झाला, वाण लुटून झालं आणि गप्पा नेहमीप्रमाणे मुलांच्या नोकऱ्यांवर आल्या. कुणाचा मुलगा बंगळूरला, कुणाची सून बँकेत. समोरच्या काकूंनी मला विचारलं, ‘‘तुझी लेक काय करते गं सध्या?’’ मी म्हटलं, ‘‘गेम्सच्या कंपनीत आहे. गेममधली चित्रं करते.’’ क्षणभर सगळ्याजणी गप्प. मग काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘अगं, पण ते तर सरकारनं बंद केलं ना? पैसे लावून खेळायचं ते?’’

मी हसले, समजावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कायदा केला तो पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध. करमणुकीचे खेळ त्या कायद्यानंच वेगळे काढलेत. काकूंनी मान डोलावली, पण पटलेलं काही दिसलं नाही. निघताना म्हणाल्या, ‘‘असो. लग्नाचं बघताना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांग हो.’’

घरी येताना मला काकूंचा राग आला नाही, स्वतःचाच आला. कारण तीन वर्षांपूर्वी मी तरी वेगळं काय बोलत होते? रात्री दीड वाजता लेकीच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसला की मी बाहेरूनच ओरडायचे, ‘‘अगं, पुरे झाला तो खेळ, झोप आता!’’ आणि आतून ठरलेलं उत्तर यायचं, ‘‘आई, खेळत नाहीये मी!’’

मी कलाशाखेची पदवीधर. संसार सांभाळून गेली पंधरा-सोळा वर्षं वस्तीत बचत गटांचं आणि अभ्यासिकेचं काम करते. दुसऱ्यांच्या मुलींनी काय शिकावं यावर मी तासभर बोलू शकते. पण माझ्या स्वतःच्या घरात, भिंतीच्या पलीकडे, रोज आठ-दहा तास काय काम चालतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते कळलं एका पातेल्यामुळे.

झालं असं, की एका रविवारी लेक स्वयंपाकघरात आली आणि माळ्यावरचं माझ्या सासूबाईंचं पितळेचं पातेलं मागू लागली. म्हटलं, ही आणि पातेलं? तिनं ते खिडकीत ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढले, टेप लावून मोजलं आणि मग विचारलं, ‘‘आई, चुलीवर ठेवल्यावर याला काळं नेमकं कुठंपर्यंत यायचं? आणि चकचकीत कुठे राहायचं?’’

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा, असं आयुष्यात वाटलं नव्हतं! मी सांगत गेले. बुडाला काजळी धरायची, ती बाहेरून वर चढत यायची, पण सारखी नाही. ज्या बाजूला जाळ जास्त, त्या बाजूला जास्त. काठाला सांडशी लागून लागून घासलं जायचं, तिथं पितळ उघडं पडायचं. आतून कल्हई असायची, पण डाव जिथं फिरतो तिथली ती आधी जायची. बाहेरून राख लावून घासलं तर गोल गोल बारीक ओरखडे दिसायचे. लेक भराभर लिहून घेत होती. म्हणाली, ‘‘आई, तुला माहितीये, हेच सगळं तर आमचं काम आहे.’’

त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या शेजारी स्टूल टाकून बसले. ऑफिसात ती परदेशी गेम्ससाठी दगड, गंजलेले पाइप, खोकी, दिव्याचे खांब करते. घरी, आपल्या वेळात, तिनं आजीचं स्वयंपाकघर करायला घेतलं होतं. चूल, पाटा-वरवंटा, फडताळ, कंदील, कोपऱ्यातलं जातं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. दिवसा पोटासाठी आणि रात्री मनासाठी, पण अवजारं तीच.

आता ही अवजारं कोणती आणि त्यांनी काय करतात, ते मला समजलं तसं सांगते. चुकलं तर लेक ओरडेलच.

टेबलावर एक सपाट काळी पाटी असते आणि एक पेन. त्या पाटीवर पेन फिरवलं की रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. दाबलं तर जाड, हलकं धरलं तर बारीक. हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, याची सवय व्हायला म्हणे काही महिने जातात. पेनचं टोक झिजतं, ते बदलावं लागतं. हात घामानं चिकटू नये म्हणून ती दोनच बोटांचा एक मोजा घालते. मी तो फाटका समजून एकदा टाकून दिला होता! वॅकॉम या जपानी कंपनीच्या पाट्या प्रसिद्ध आहेत, पण आता स्वस्तातल्याही मिळतात. काही हजारांत हौस भागते. ज्या पडद्यावरच थेट काढता येतं, त्या मात्र महाग.

मग वस्तू घडवायची. संगणकात प्रत्येक वस्तू म्हणजे जोडलेल्या लहान लहान त्रिकोणांची जाळी. पातेलं आधी अगदी बारकाईनं करतात, पोचे, ओरखडे, सगळं. त्यात दहा-वीस लाख त्रिकोण सहज होतात. पण गेममध्ये ते तसं ठेवून चालत नाही. खेळणारा मान वळवेल तसं चित्र बदलायला हवं, आणि त्यासाठी यंत्राला एका सेकंदात ३० किंवा ६० वेळा सगळं चित्र नव्यानं काढावं लागतं. म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग! म्हणून मग त्याच पातेल्याचं दुसरं, हलकं रूप करतात, काही हजार त्रिकोणांचं. आणि जड पातेल्यावरचे पोचे हलक्यावर ‘भाजून’ घेतात. हो, शब्दच तो आहे, बेकिंग! पोचे खरे नसतात, पण उजेड त्यांच्यावर खऱ्यासारखा पडतो. आपल्याकडे रांगोळीतून माणसाचा चेहरा काढतात, जमीन सपाट असते पण नाक वर आलेलं दिसतं ना, त्यातलाच प्रकार.

पुढची पायरी बघून तर मी उडालेच. पातेल्याला रंग चढवायचा तर आधी त्याचं कातडं उसवून सपाट पसरावं लागतं. पडद्यावर सगळे तुकडे मांडलेले. मी म्हटलं, ‘‘अगं, हे तर ब्लाऊजचं कटिंग!’’ अगदी तसंच. कापड वाया जाऊ नये म्हणून तुकडे जवळ जवळ बसवायचे, आणि शिवण अशा ठिकाणी घ्यायची की कुणाला दिसू नये. काखेत, पाठीमागे, बुडाखाली. शिवणाच्या क्लासला आमच्या बाई जे सांगायच्या तेच माझी इंजिनीअर न झालेली लेक मला सांगत होती. कापडाचं मापही ठरलेलं. १०२४, २०४८, ४०९६ असे चौरस, आणि एवढ्याच कापडात बसवायचं हा हट्ट. महिन्याच्या पगारात घर बसवणारीला हे वेगळं शिकवायला नको.

त्या पसरलेल्या कातड्यावर मग रंग, चकाकी, खरखर, गंज. इथं तिला माझी काजळी आणि सांडशी लागली. लेक म्हणते, नवं कोरं पातेलं कुणीही करील. वापरलेलं पातेलं करायला ते कुणी, कसं वापरलं, हे माहीत हवं. आणि शेवटी तीच वस्तू दुरून दिसणार असेल तर तिची आणखी हलकी रूपं करून ठेवतात. खेळणारा लांब असला की साधं, जवळ आला की बारकाव्यांचं. मी म्हटलं, ‘‘म्हणजे दुरून डोंगर साजरे!’’ तिनं हे वाक्य ऑफिसात सांगितलं म्हणे, सगळ्यांना फार आवडलं.

हे सगळं ऐकताना मला माझी दोसुती आठवली. शाळेत आम्ही चौकटीच्या वहीत नमुना काढून मग दोसुतीवर टाके घालायचो. एका चौकटीला एक टाका. लेक म्हणाली, संगणकावरची पहिली चित्रं अशीच झाली. १९८०च्या दशकात ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केर या बाईंनी छोटी छोटी चिन्हं काढली, ती आधी चौकटीच्या कागदावरच. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये जो माणूस पुढे मारिओ म्हणून जगप्रसिद्ध झाला, त्याला मिशा का आहेत माहितीये? एवढ्या थोड्या चौकोनांत तोंड दाखवता येईना, म्हणून मिशा. केस दाखवता येईनात, म्हणून टोपी! अडचणीतून काढलेली वाट ती. आपण नाही का उरलेल्या भाताचं थालीपीठ करत?

तर सांगायचं असं, की हे काम आहे. कसबाचं काम आहे. भरतकाम, शिवणकाम, मूर्तिकाम यांच्या पंगतीला बसणारं. आणि ते आपल्या दाराशी आलेलं आहे. बंगळूरला १९९७ मध्ये ध्रुव इंटरॅक्टिव्ह सुरू झाली. पुण्यात सुमो डिजिटलनं २००७ मध्ये आणि युबिसॉफ्टनं २००८ मध्ये स्टुडिओ काढला. जगभरात खेळल्या जाणाऱ्या कितीतरी गेम्समधल्या भिंती, झाडं, गाड्या आपल्याकडच्या मुलामुलींनी केलेल्या असतात. २०२० मध्ये तर पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा कंपनीनं ‘राजी’ नावाचा गेम आणला. तिच्या संस्थापकांत श्रुती घोष ही चित्रकार आहे. गेमची नायिका एक साधी मुलगी, आपल्या हरवलेल्या लहान भावाला शोधायला निघालेली. कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या वापरल्या आहेत. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी सोडलं नाही. मला खेळता येत नाही, पण भाच्यानं खेळून दाखवला तेव्हा मी शेजारी बसून सगळा पाहिला.

इथपर्यंत सगळं गोड. आता कडू.

आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा येतो. वडील रिक्षा चालवतात, आई चार घरी पोळ्या करते. पोरगा बारावी झालेला, हातात कला. जुना बाजारातून आणलेल्या संगणकावर तो स्वतःचं स्वतः शिकत होता. त्याच्या हातात होतं ब्लेंडर. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. नेदरलँड्समधल्या टोन रूसेंडाल यांची कंपनी बंद पडली, तेव्हा ब्लेंडर कुलुपात जाणार होतं. त्यांनी २००२ मध्ये लोकांकडे वर्गणी मागितली. एक लाख युरो. सात आठवड्यांत ते जमले आणि ब्लेंडर कायमचं सगळ्यांचं झालं. गावानं वर्गणी काढून विहीर खणावी तसं. ‘फ्लो’ नावाचा मांजराचा चित्रपट याच ब्लेंडरमध्ये झाला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. चित्रं काढायला क्रिटासारखंही फुकट साधन आहे. म्हणजे रिक्षावाल्याच्या मुलाकडे आणि मोठ्या स्टुडिओकडे अवजार जवळपास सारखंच असू शकतं. हे फार मोठं आहे, मैत्रिणींनो.

पण त्याच्या आईला वाटलं, फुकट शिकलेल्याला कोण विचारणार? सर्टिफिकेट हवं. शहरातल्या एका संस्थेत तिनं चौकशी केली. गुळगुळीत माहितीपत्रक, थंडगार एसी, ‘शंभर टक्के नोकरी’ची हमी. फी एक लाख ऐंशी हजार. मंगळसूत्र गहाण ठेवलं, बचत गटातून कर्ज काढलं आणि सगळी फी एकरकमी भरली. कर्जाच्या अर्जावर सही माझी होती, हे इथं सांगायला हवं. मी विचारलं नाही, की कोण शिकवणार, किती मुलांना काम लागलं. ‘शिक्षणासाठी आहे ना’, एवढंच पाहिलं.

शिकवणारे सर दर दोन महिन्यांनी बदलत. वर्गात चाळीस मुलं आणि पंधरा संगणक. वर्षाच्या शेवटी ज्या ‘नोकरी’ला पाठवलं, ती लग्नाच्या अल्बमची पानं लावायची. पोरगा घरी येऊन बसला. संगणक चादरीखाली झाकून ठेवला. आई माझ्याकडे आली तेव्हा ती रडत नव्हती. नुसतं म्हणाली, ‘‘ताई, मी त्याचा खेळ तेव्हाच बंद करायला हवा होता.’’

मला ते वाक्य लागलं. चूक पोराच्या ‘खेळा’ची नव्हती. चूक त्या संस्थेची होती, आणि थोडी आमची, न विचारणाऱ्यांची. आम्ही दोघी त्या संस्थेत चार वेळा गेलो. पहिल्यांदा चहा मिळाला, दुसऱ्यांदा तारीख, तिसऱ्यांदा रखवालदारानं खालीच थांबवलं. चौथ्यांदा माहितीपत्रक, पावत्या आणि ग्राहक आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा घेऊन गेलो. साठ हजार परत मिळाले. बाकीचे ती अजून पोळ्या करून फेडते आहे.

मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. माझ्या लेकीनं त्याचं काम पाहिलं. ती म्हणाली, ‘‘याचं सर्टिफिकेट फेकून दिलं तरी चालेल. आमच्याकडे कुणी ते बघत नाही. काम बघतात.’’ आठ-दहा चांगल्या वस्तू, नीट मांडलेल्या, त्यांची जाळी कशी आहे, कातडं कसं उसवलं आहे हे दाखवलेलं. बस्स. तिनं त्याला सांगितलं, ड्रॅगन आणि राक्षस करू नकोस, ते सगळेच करतात. तुझ्या ओळखीचं कर. त्यानं वडिलांची रिक्षा केली. फाटलेली सीट, मीटरवरची धूळ, आरशाला लावलेला हार, हँडलच्या घासलेल्या मुठी. सहा महिने लागले. आज तो एका लहान स्टुडिओत शिकाऊ म्हणून आहे. पगार फार नाही. पण पहिल्या पगाराच्या दिवशी वडिलांनी ते चित्र रिक्षात, गणपतीच्या शेजारी लावलं.

म्हणून आयांना माझी विनंती. फी भरण्याआधी शिकवणाऱ्याचं स्वतःचं काम पाहायला मागा. मागच्या दोन तुकड्यांतल्या पाच मुलांना गाठून बोला. हमी देत असतील तर ती कागदावर सहीशिक्क्यानिशी घ्या. सगळी फी एकदम भरू नका. आणि त्याआधी सहा महिने मुलाला घरीच, फुकटच्या साधनांवर करू द्या. सहा महिन्यांनंतरही तो रोज बसत असेल, तर समजा की ही नुसती गेम खेळण्याची ओढ नाही, घडवण्याची आहे. खेळायला आवडतं म्हणून घडवायला आवडेलच असं नाही. जेवायला आवडणारा प्रत्येकजण स्वयंपाकी होत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक!

आता नोकरीतलं दुःख. पाहणाऱ्याला वाटतं, एसीत बसून चित्रं काढायची, मजा आहे. पण गेम बाजारात यायची तारीख जवळ आली की लेक रात्री अकरा-अकराला घरी येते. मनगट सुजतं, मान आखडते, डोळे लाल. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत एरिन हॉफमन नावाच्या तरुणीनं नाव न देता एक खुलं पत्र प्रसिद्ध केलं होतं. तिचा होणारा नवरा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या गेम कंपनीत होता आणि आठवड्याला ८५ तासांपर्यंत राबवला जात होता. जादा तासांचे पैसे नाहीत. तिनं घरातून जे पाहिलं ते लिहिलं. त्या पत्रानं खळबळ माजली. कंपनीवर कोर्टात दावे लागले, आणि चित्रकारांच्या दाव्यात १ कोटी ५६ लाख डॉलरची तडजोड झाली. मला यातलं हे महत्त्वाचं वाटतं, की हे पत्र घरातल्या बाईनं लिहिलं. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवणारीलाच कळतं, की किती उशीर झाला आहे.

आणि एक. दीड वर्षांपूर्वी लेकीनं काम केलेला एक मोठा गेम बाजारात आला. तोपर्यंत त्याचं नावसुद्धा घरी सांगायची तिला परवानगी नव्हती. भाच्यानं तो तीन आठवडे खेळून शेवटपर्यंत नेला. त्या दिवशी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. हे ऑफिसातून लवकर आले, मी शिरा केला. नावं सुरू झाली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. शेकडो नावं वर सरकत गेली. लेखापालांची, कँटीनवाल्यांची, इतकंच काय, त्या काळात ज्यांना बाळं झाली त्या बाळांचीही. शेवटी एका ओळीत लेकीच्या कंपनीचं नाव आलं. नुसतं कंपनीचं. त्याखाली कुणीच नाही.

लेक म्हणाली, ‘‘असंच असतं गं आई. बाहेरून करून घेतलेल्या कामाला नावं देतातच असं नाही.’’ आणि उठून शिरा खायला गेली. मला मात्र घास उतरेना. कारण ही गोष्ट मला पाठ होती. रुखवतात मांडलेल्या वस्तू कुणी केल्या, हे कुठे लिहिलेलं असतं? पन्नास माणसांचा स्वयंपाक झाल्यावर ‘जेवण छान होतं’ म्हणतात, कुणी केलं ते विचारत नाहीत. मला वाटायचं, आमची पिढी गेली, मुलींच्या वाट्याला तरी हे येणार नाही. ते आलंच, फक्त नव्या यंत्रावर. नाव लिहायला किती पैसे लागतात? एक ओळ. बाळांची नावं येऊ शकतात, तर ज्या मुलीनं चार महिने ती भिंत केली तिचंही यायला हवं. इथल्या कंपन्यांनी काम घेतानाच करारात ही अट घालावी, आणि मुलांनी मुलाखतीतच विचारावं, ‘माझं नाव येईल का?’ यात उद्धटपणा काही नाही.

आणखी एक भीती या घरांत आता रोज जेवायला बसते. २०२२ पासून, शब्द लिहिले की चित्र काढून देणारी यंत्रं आली. ती शिकलीत माणसांनी काढलेल्या चित्रांवरच, बहुतेकांना न विचारता. कच्ची चित्रं काढायचं जे काम नव्या मुलांना मिळायचं, त्यावर आधी गदा येते आहे. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरात गेम कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हे शंभर वर्षांहून जुनं नाव कोसळलं आणि मुंबई-बंगळूरमधली मुलंमुली अक्षरशः एका दिवसात घरी आली. लेकीची एक मैत्रीण त्यात होती. आठ दिवस ती आमच्याकडेच राहिली. घरी सांगायचं धाडस होईना, कारण घरी म्हणणार, ‘आम्ही सांगितलंच होतं.’

म्हणजे पाहा, एकीकडे २०२५ मध्ये राज्य सरकार या क्षेत्रासाठी धोरण आणतं, मुंबईत त्यासाठी खास संस्था निघते. चांगलंच आहे. पण इमारतींबरोबर कामाचे तास, जादा कामाचे पैसे, श्रेयनामावलीत नाव आणि खासगी क्लासेसवर वचक, हेही त्या धोरणात ठळकपणे हवं. नाहीतर आपण नुसते हात तयार करू आणि त्या हातांना वाली कुणी असणार नाही.

‘मग मुलांना या वाटेला पाठवूच नये का?’ असं तुम्ही विचाराल. मीही लेकीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘आई, बाबांच्या कारखान्यात कपात झाली नव्हती का?’’ झाली होती, मी गप्प बसले. कुठलीच वाट आता पक्क्या डांबराची राहिलेली नाही. तेव्हा वाट अडवण्यापेक्षा चालणाऱ्याला शिदोरी द्यावी. अमेरिकेत एरिक बॅरोन नावाच्या तरुणानं एकट्यानं, चार वर्षांहून जास्त काळ घरी बसून ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम केला. चित्रं, संगीत, सगळं एकट्याचं. आवडली नाहीत म्हणून चित्रं पुन्हा पुन्हा काढली. २०१६ मध्ये तो आला आणि जगभर गाजला. सगळे त्याच्या चिकाटीचं कौतुक करतात. मला त्याच्या मैत्रिणीचं वाटतं, जिनं त्या काळात नोकरी करून घर चालवलं आणि ‘हा खेळ कधी संपणार’ म्हणून त्याच्या मागे लागली नाही.

सगळ्यांना एवढं जमेल असं नाही, जमावं असंही नाही. पोट आधी. पण आपण एक तर करू शकतो. शेजारी स्टूल टाकून बसू शकतो. ‘काय करतोयस रे?’ हा प्रश्न दरडावून न विचारता, खरंच जाणून घ्यायला विचारू शकतो. तुमच्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे. पातेल्याला काळं कुठे धरतं, पाट्याला टाकी कशी लावतात, जुन्या साडीचा काठ आधी कुठे विरतो. ते या मुलांना कुठल्याही क्लासात मिळणार नाही.

लेकीचं स्वयंपाकघर गेल्या महिन्यात पूर्ण झालं. मी चष्मा लावून पाहिलं. चूल, फडताळ, कंदील, आणि कोपऱ्यात सासूबाईंचं पातेलं. काठाला जिथं सांडशी लागायची तिथं थोडंसं चमकत होतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन नावं लिहिली होती. पहिलं तिचं. दुसरं माझं.

पुढच्या संक्रांतीला काकूंना हे चित्र दाखवणार आहे. आणि लग्नाचं बघताना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं मुळीच सांगणार नाही.